हात्सुएचं होया होया

आमच्या खोऱ्यात कुणाला भांडायची हौस आली, तर त्याने हात्सुए त्सुबोकावाच्या दारात जाऊ नये. पदरी निराशाच येते. तुम्ही म्हणा, यंदा मुळे कडू निघाले. ती म्हणेल, "होया होया." तुमच्या मागून दुसरी येऊन म्हणेल, यंदासारखे गोड मुळे कधी झालेच नाहीत. तिलाही "होया होया." सत्तरी ओलांडलेली बाई, पाठीत जराशी वाकलेली, हसली की डोळे दिसेनासे होतात. गावात तिला सगळे होयबा म्हणतात, मागूनही आणि तोंडावरही, कारण त्यावरही ती होया होयाच म्हणते. मी तिची शेजारीण किनुयो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, आणि आजवर मला तिच्याशी एकदाही धड भांडता आलेलं नाही. माझ्यासारख्या तापट बाईला हे किती जड जातं, ते माझं मला ठाऊक.

आमच्या फुकुईच्या बोलीत होया होया म्हणजे 'हो हो, अगदी तसंच'. पण आमचा घाट ओलांडला, की उरलेल्या जपानात याच शब्दाचा अर्थ 'ताजं ताजं'. भात नुकता वाफेवरून उतरला तर तो होया होया, लग्न होऊन चार दिवस झालेलं जोडपंही होया होया. एवढ्याशा शब्दाने हात्सुएच्या आयुष्यात दोनदा घोळ घातला. पहिल्यांदा नवरा हातचा जाता जाता राहिला, आणि दुसऱ्यांदा, म्हणजे मागच्या शरदात, तिची विहिरीवरची जागा.

ही विहीर रंगाऱ्याची. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी आमच्या खोऱ्यात एका सरदाराचं नगर होतं. लढाईत ते जळलं, माणसं पांगली, वरून गाळ आला, आणि आमच्या बापजाद्यांनी त्या गाळावर भात पिकवला. नांगराला दगड अडला की ते सरदाराच्या नावाने बोटं मोडायचे. आम्ही विशीत असताना शिकलेली मंडळी आली, शेतं विकत घेतली गेली आणि खणायला सुरुवात झाली. खालून अख्ख्या गल्ल्या निघाल्या, घराघराला विहीर निघाली, शौचकूपसुद्धा निघाले आणि ते बघायला तर टोकियोहून प्राध्यापक आले. आता अर्ध्या खोऱ्यात नुसतं गवत आणि गवतात दगडांच्या ओळी आहेत. एक गल्ली मात्र पुन्हा उभी केली आहे. पाये जुने, भिंती नव्या. सुट्टीच्या दिवशी आम्ही बायका जुन्या काळचे कपडे घालून त्या घरांत बसतो आणि लोक आम्हाला बघायला येतात. मी मडकीवाली. हात्सुए रंगाऱ्याची बायको, जमिनीत पुरलेल्या नीळ भरलेल्या रांजणांच्या ओळीशेजारी, विहिरीच्या काठाला टेकून बसलेली.

ती दुसरीकडे कुठे बसायला तयार नव्हती, त्याला कारण होतं. ती विहीर तिने स्वतः उपसली होती. खणायच्या कामाला तेव्हा गावच्या पोरी रोजावर जायच्या, आणि टोकियोहून तोकुजी नावाचा एक मुलगा कॉलेज अर्धवट टाकून आला होता. हात लोण्यासारखे, बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं. त्याला विहिरीत उतरवलं आणि हात्सुएला वर दोरीवर उभं केलं. खालून चिखलाची बादली यायची, कधी त्यात मोडकी वाटी, कधी लाकडी कंगवा. असे दिवस चालले असताना एका दुपारी विहिरीच्या तळातून घुमणारा आवाज आला.

"हात्सुए-सान, तुमचं अजून लग्न झालेलं नाही ना?"

"होया होया," हात्सुएने वरून सांगितलं.

तिच्या हिशेबी उत्तर सरळ होतं: बरोबर बोललात, नाही झालं. तळाशी उभ्या असलेल्या टोकियोवाल्याला मात्र ऐकू आलं, ताजं ताजं, आत्ताच झालंय. झालं, त्या दिवसापासून गड्याने मान वर केली नाही. बादली वर देताना तो वाकून नमस्कार करायचा, घरच्या मंडळींची खुशाली विचारायचा आणि पुन्हा चिखलात तोंड घालायचा. हात्सुएला वाटलं, आपण मोकळ्या आहोत हे कळल्याबरोबर याचं मन उडालं. तो सगळा उन्हाळा ती माझ्याकडे येऊन रडली. मी त्याला टोकियोचा मुळा म्हणून भरपूर शिव्या दिल्या, आणि नेमक्या तेव्हा तरी तिने होया होया म्हणायचं, तर ती म्हणाली, न्हाई गं, तसा न्हाई तो.

उलगडा झाला तो शरदात. तिने घरचा कोंड्यात मुरवलेला बांगडा त्याच्यापुढे ठेवला. तो मागे सरकला आणि म्हणाला, हे आपल्या यजमानांसाठी ठेवा.

"कुनाच्या यजमानांसाठी?"

"आपल्या."

"मला कुठं हाय यजमान?"

"तुम्हीच म्हणालात. होया होया."

हात्सुए मातीच्या ढिगावर बसली आणि इतकी हसली की कामावरचे मुख्य साहेब काय सापडलं म्हणून धावत आले. पुढच्या वसंतात तोकुजी त्सुबोकावांचा घरजावई झाला. त्यांचं आडनाव घेतलं, त्यांच्या शेतात मुळे लावायला शिकला. पण तो एक वाया गेलेला उन्हाळा त्याने त्या शब्दाला कधी माफ केला नाही. आमच्याबरोबर पन्नास वर्षं राहून माणूस अजून बातम्यांसारखाच बोलतो. कोंबड्या हाकलतानाही म्हणतो, कृपया बाजूला व्हा. गावात त्याला टोकियो-सान म्हणतात. हात्सुएने किती विनवण्या केल्या, एकदा म्हणा, आजारी होती तेव्हा म्हणाली, नातू झाला तेव्हा म्हणाली. तो शांतपणे सांगायचा, त्या शब्दाने माझा एक उन्हाळा खाल्ला आहे, मी त्याला तोंडात घेणार नाही. याचं तिला आतून लागायचं. तोंड जरी हसत असलं तरी मला ते दिसायचं. एवढ्या वर्षांनी नवरा आपल्या गावचा झाला की नाही, हे तिला अजून कळलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात योकोहामाचा एक पाहुणा गल्ली बघायला आला. त्याने हात्सुएला विचारलं, ही घरं खऱ्या जुन्या पायावरच उभी आहेत ना? होया होया. विहीर तरी त्याच काळातली ना? होया होया. आणि हे दगड? तिने हसून सांगितलं, होया होया. पाहुण्याने घरी जाऊन इंटरनेटवर लिहिलं की तिथली माणसं निदान प्रामाणिक आहेत, निळ्या एप्रनमधली आजी हसतमुखाने कबूल करते की सगळं ताजं ताजं आहे, दगडांसकट.

गल्लीचा कारभार बघणाऱ्या कचेरीत तेव्हा नवे साहेब आले होते, सेगावा-सान. माणूस वाईट नाही. बूट इतके स्वच्छ, की मातीत पाय ठेवताना मातीची माफी मागेल. तो हात्सुएच्या घरी स्वतः आला, गुडघ्यांवर बसला, टोफूचा तळलेला जाड तुकडा वाढला तो खाल्ला, आणि मग घाम पुसत मुद्द्यावर आला. शरदात एका रविवारी टोकियोहून प्रवासी कंपनीची मंडळी येणार होती. त्यांना जागा आवडली तर बसगाड्या भरभरून लोक येणार. त्या दिवशी हात्सुए-सानच्या तोंडून तो शब्द आला नाही तर उत्तम. आला, तर पुढच्या हंगामापासून रंगाऱ्याच्या घरात शुद्ध बोलणारी कुणीतरी बसेल, आणि हात्सुए-सानना बसथांब्यामागच्या स्वयंपाकघरात पाठवावं लागेल, शेवयांच्या वाडग्यांवर मुळा किसायला.

"मुळा किसायला माझी ना न्हाई," तो गेल्यावर हात्सुए मला म्हणाली. "पर त्या विहिरीवर माझं लगीन मोडलं आन् तिथंच जुळलं. तिथून उठवलं तर मी कुठं बसू गं, किनुयो?"

मी म्हटलं, मग जिभेला गाठ मार. ती म्हणाली, होया होया.

आता तिला शुद्ध बोलायला शिकवणार कोण? खोऱ्यात एकच माणूस. तोकुजीने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवणी सुरू केली, आणि आम्ही शेजारणी विणकाम घेऊन बघायला बसलो, कारण तेव्हा टीव्हीवर दुसरं काही बरं नव्हतं. तो विचारायचा, ही विहीर जुनी आहे का? तिने म्हणायचं, "आपलं म्हणणं बरोबर आहे." ती डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून म्हणायची, "आपलं म्हणणं बरोबर आहे," आणि धडा पार पडल्याच्या आनंदात लगेच, "होया होया." तोकुजी कपाळाला हात लावायचा. मी म्हटलं, जित्याची खोड आहे ही, टोकियो-सान, पालथ्या घड्यावर पाणी ओतताय. त्यावर हात्सुए काय म्हणाली ते सांगायला नको.

शेवटी युक्ती तिलाच सुचली. खारवलेल्या आंबट आलुबुखाराची बी गालात धरायची. शब्द वर आला की बी चावायची, आंबटाने तोंड आपोआप मिटतं. दोन आठवडे ती गालात बी धरून गावभर फिरली. कुणी विचारलं की दाढ सुजली का, तर ती बी चावायची, डोळे घट्ट मिटायची आणि पुटपुटायची, आपलं म्हणणं बरोबर आहे.

रविवार उजाडला. पाहुणे पाच-सहा होते, आणि त्यांच्या पुढे मोठ्या टोपीतली एक बाई, ओरिहारा-सान. सेगावा साहेब त्यांना आधी गवतातल्या दगडांच्या ओळींतून फिरवून आणत होते. तोकुजी दाराशी तिकिटं फाडतो, पण त्या दिवशी साहेबांनी त्याला माहिती सांगायला बरोबर घेतलं होतं, कारण त्याच्यासारखं शुद्ध बोलणारं आमच्यात दुसरं कुणी नाही. लांबून त्याचा आवाज यायचा, इथे धान्याचं कोठार होतं, इथे वैद्य राहत असावा. माझ्या मडक्यांपाशी ते क्षणभरच थांबले. मी मुद्दाम आमच्या बोलीत दोन वाक्यं टाकली. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मडकं त्यांच्या डोक्यात घातलं. मग सगळे रंगाऱ्याच्या घरात शिरले आणि मी मडकी सोडून दारात जाऊन उभी राहिले.

हात्सुए विहिरीपाशी बसली होती. एक गाल फुगलेला. एका पाहुण्याने विचारलं, रांजण जमिनीत पुरलेले आहेत ते नीळ उबदार राहावी म्हणून का? हात्सुएचा जबडा हलला, चेहरा आंबट झाला, आणि अगदी स्वच्छ शब्दांत ती म्हणाली, "आपलं म्हणणं बरोबर आहे." दुसऱ्याने विचारलं, विहिरीला अजून पाणी आहे का? पुन्हा तसंच. साहेबांचे खांदे खाली आले. मला मात्र तिच्याकडे बघवेना. हसरी बाई ती, दुकानातल्या बाहुलीसारखी ताठ बसली होती. पाहुणेही घड्याळं बघायला लागले.

मग ओरिहारा-सानने टोपी काढली. ती विहिरीपाशी गुडघ्यांवर बसली आणि काठाच्या दगडावर हात ठेवला. तो दगड एका जागी झिजून गुळगुळीत झाला आहे.

"इथे कुणीतरी रोज हात टेकत असणार," ती म्हणाली. "पाणी काढून झालं की घटकाभर. नाही का?"

एवढ्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. हात्सुएचा हात रोज नेमका तिथेच टेकलेला असतो. ती विसरली, साहेबांना विसरली, बीला विसरली.

"होया होया," ती म्हणाली, आणि बी तोंडातून उडून विहिरीत पडली. डुबुक असा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ओरिहारा-सान गोंधळली. "ताजं?" तिने विचारलं. सेगावा साहेब कमरेत वाकून माफी मागायला लागले, ही इथली गावठी बोली, गैरसमज नसावा, आमचे तोकुजी-सान नीट समजावून सांगतील, ते टोकियोचे आहेत. हात्सुएने काही ऐकलं नाही. तिने मान खाली घातली होती आणि निळ्या एप्रनची मागची गाठ सोडायला घेतली होती. गाठ सुटत नव्हती.  

साहेबांनी तोकुजीला हाताला धरून पुढे आणलं.

"तोकुजी-सान, तुम्ही काही इथले नाही, हो ना?"

तोकुजीने पाहुण्यांकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं नाही. तो हात्सुएच्या त्या गाठीकडे बघत होता. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"होया होया," तो म्हणाला.

बातम्यांसारखाच म्हणाला तो, एकेक अक्षर सुटं, आमच्यासारखा हेल नाही. पण म्हणाला. बरोबर बोललात, मी इथला नाही, असं त्याने कबूल केलं, आणि ते कबूल करायला शब्द कुठला काढला, तर जो आमच्याशिवाय कुणी काढत नाही. हात्सुएची बोटं गाठीवरच थांबली.

ओरिहारा-सानने त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "म्हणजे आपण नुकतेच राहायला आलात?"

यावर मी आधी हसले की हात्सुए, हे आमचं अजून ठरलेलं नाही. ती विहिरीच्या काठावर डोकं टेकून हसत होती आणि एप्रनने डोळे पुसत होती, आणि ती रडतही होती, ते मी सांगते. पाहुणे विचारायला लागले, झालं काय. मग हात्सुएने सांगितलं. शुद्ध-बिद्ध सगळं विहिरीत गेलं बीबरोबर. तिने बादली कशी वर ओढायची ते उभं राहून दाखवलं, खालून आवाज कसा घुमला ते विहिरीत तोंड घालून दाखवलं. तोकुजी मध्येच म्हणाला, कृपया बांगड्याचा भाग वगळ. तिने वगळला नाही. पाहुणे जमिनीवर बसले, रांजणांच्या मध्ये, चांगले कपडे घालून. एकाचा हात लागून नीळ सांडली, त्याची विजार निळी झाली आणि त्याने ती पुसलीही नाही. निघताना ओरिहारा-सान साहेबांना म्हणाली की बसगाड्या नक्की पाठवू, पण विहिरीवर हे दोघंच हवेत.

सेगावा साहेब उभे राहून बघत होते. माणूस वाईट नाही, मी आधीच म्हटलं. पाहुणे गेल्यावर ते हात्सुएपाशी आले, स्वच्छ बुटांनी त्या सांडलेल्या निळीत उभे राहिले आणि म्हणाले, गाठ पुन्हा बांधा. महिन्याभरात रंगाऱ्याच्या दाराशी एक लाकडी पाटी लागली: या घरात होया होया म्हणजे 'हो'. ती पाटी वाचून लोक हात्सुएला मुद्दाम काहीबाही विचारतात, नीळ गोड लागते का, सरदार देखणा होता का, आणि तिचं काम सोपं झालंय.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं गवतातल्या पायवाटेने घरी निघालो. तोकुजी पुढे, आम्ही दोघी मागे. मला राहवेना, मी टोकियो-सानला टोचलं. म्हटलं, काय हो, शेवटी त्या शब्दाला तोंडात घेतलंच की. त्याने मागे न बघता सांगितलं की प्रसंग तसा होता, एकदा म्हणून झालं, आता पुन्हा ही अपेक्षा कुणी ठेवू नये.

हात्सुए चार पावलं पळत त्याच्या बरोबरीला गेली आणि त्याच्या बाहीला धरलं.

"अवो, खरंच पुन्हा न्हाई म्हननार?"

"होया होया," तोकुजी म्हणाला.